नोकरी सांभाळून पदवी पातळीचे गणित: बडोद्यातून केलेला एक शोध

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने पदवी पातळीचे गणित शिकायचे ठरवले, तर त्याची पहिली अडचण गणिताची नसते, पात्रतेची असते. गुजरात बोर्डाच्या बारावी वाणिज्य शाखेत आम्हांला ‘आंकडाशास्त्र’ (म्हणजे संख्याशास्त्र) हा विषय होता, गणित नव्हते. दहावीनंतर गणिताची आणि माझी पुन्हा गाठ पडली ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कॉमर्स फॅकल्टीत, आणि तीही व्याज, सरासरी आणि सहसंबंध यांच्यापुरतीच. पुढे मकरपुऱ्याच्या जी.आय.डी.सी.तील एका कारखान्याच्या लेखा विभागात मी रुजू झाले. आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग होतात, आणि त्यामुळे तांब्याचा भाव हा आमच्या ताळेबंदातील सर्वांत चंचल आकडा आहे. त्या भावाचा अंदाज बांधण्याचे काम हळूहळू माझ्याकडे आले. एक्सेलमध्ये रिग्रेशनचे, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्याच्या रीतीचे, बटन दाबून उत्तर काढता येत होते, पण ते उत्तर का येते आणि केव्हा त्यावर विश्वास ठेवू नये, हे सांगता येत नव्हते. त्यातूनच संख्याशास्त्रात रीतसर पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे मनात आले.

परदेशातील एका विद्यापीठाचा ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम मी निवडला होता. त्यांच्या प्रवेशाच्या अटींत पदवी कोणत्या शाखेची असावी याचा आग्रह नव्हता. मात्र एका चलाचे आणि अनेक चलांचे कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा आणि प्रॉबॅबिलिटी हे विषय पदवी पातळीवर, परीक्षा देऊन आणि गुणांसह पूर्ण केलेले असावेत, असे स्पष्ट लिहिले होते. नुसते ‘शिकले आहे’ म्हणून चालणार नव्हते, कोणीतरी ते तपासून लिहून द्यायला हवे होते. माझी नोकरी सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा अशी असल्याने सायन्स फॅकल्टीत जाऊन दिवसाचे वर्ग करणे शक्यच नव्हते. तेव्हा ऑनलाइन, परवडणारे आणि कागदोपत्री ग्राह्य धरले जाईल असे गणित कुठे मिळते, याचा शोध सुरू झाला.

कॅलिफोर्नियात असलेल्या माझ्या आतेभावाने पहिला सल्ला दिला तो तेथील कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयाचा. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना या कॉलेजांत एका युनिटला (विषयाचा भार मोजण्याचे माप, यालाच इतरत्र क्रेडिट म्हणतात) फक्त ४६ डॉलर पडतात, आणि कॅल्क्युलसचा विषय साधारणपणे चार किंवा पाच युनिटांचा असतो. म्हणजे २३० डॉलरमध्ये एक संपूर्ण विषय, शिक्षकांसह, गृहपाठाच्या तपासणीसह आणि गुणपत्रिकेसह हातात पडतो. त्याने हे इतक्या सहजतेने सांगितले की मला वाटले, प्रश्न मिटला. पण हा दर रहिवाशांसाठीचा आहे, आणि रहिवासी ठरण्यासाठी त्या राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य असावे लागते. बाहेरच्या विद्यार्थ्याला याच्या कित्येक पटींनी शुल्क भरावे लागते. अमेरिकेतील काही विद्यापीठे असे सुटे विषय वर्षभरात केव्हाही सुरू करू देतात आणि स्वतःच्या गतीने पूर्ण करू देतात, ही सोय नोकरदारासाठी खरोखर उत्तम आहे. परंतु एका क्रेडिटला काहीशे डॉलर या हिशेबाने चार विषयांचा खर्च माझ्या वर्षाच्या बचतीच्या बाहेर जात होता. शिवाय कॅलिफोर्निया आणि बडोदे यांच्यात उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचे अंतर असल्यामुळे, वर्ग किंवा कॅमेऱ्यासमोरची परीक्षा ठरावीक वेळेस असली तर ती आमच्याकडे मध्यरात्री येणार, हाही विचार होता. तो पर्याय मी बाजूला ठेवला. ज्यांचे मुलगे-मुली तिकडे स्थायिक आहेत आणि जे स्वतः तिकडे राहायला जाणार आहेत, त्यांनी मात्र तो अवश्य पाहावा.

मधल्या काळात मी एका खासगी शिक्षण कंपनीचे माहितीपत्रक पाहण्यासाठी माझा मोबाइल क्रमांक दिला. त्यानंतर त्यांच्या ‘काउन्सेलर’चे फोन सुरू झाले, आणि ते नेमके महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेच्या आसपास, म्हणजे जी.एस.टी.ची विवरणपत्रे भरण्याच्या गडबडीत यायचे. पावणेदोन लाखांचे शुल्क, ‘आज रात्री बारापर्यंतच’ असलेली सवलत आणि व्याजाविना हप्ते, असा तो सगळा प्रस्ताव होता. हप्त्यांची कागदपत्रे मागवून वाचली तेव्हा लक्षात आले की तो हप्ता नव्हे, एका वित्तसंस्थेकडून माझ्या नावावर घेतले जाणारे कर्ज आहे. शिकवणे पसंत पडले नाही तरी ते फेडावेच लागणार. मी त्यांना तीन गोष्टी विचारल्या: क्रेडिट कोणते विद्यापीठ देते, माझ्या हाताने सोडवलेली गणिते कोण तपासते, आणि गुणपत्रिकेवर कोणाची सही असते. तिन्ही प्रश्नांना “मॅडम, प्लेसमेंट असिस्टन्स आहे ना” हेच उत्तर मिळाले. अभ्यासक्रमाची रूपरेषा पाहिली तर त्यात गणिताच्या वाट्याला जेमतेम दोन आठवडे आले होते. त्या कंपनीचा नंबर मी ब्लॉक केला, पण दुसऱ्या नंबरांवरून फोन येत राहिले.

एवढे झाल्यावर मी शोधाची दिशा बदलली आणि सरकारी व्यवस्थेत काय उपलब्ध आहे ते शांतपणे वाचायला घेतले. साहजिकच पहिले नाव इग्नूचे, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे आले. १९८५ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या बी.एस्सी.त कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, रिअल ॲनालिसिस आणि अल्जेब्रा असे गणिताचे रीतसर विषय आहेत. स्वाध्याय हाताने लिहून द्यावे लागतात, त्यांना ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो, आणि परीक्षा जून व डिसेंबरमध्ये होतात. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या असल्याचे स्पष्ट केले, त्यामुळे त्या पदवीच्या मानाविषयीही शंका उरत नाही. परंतु तेथील बी.एस्सी.ला बारावी विज्ञान शाखेची लागते. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आठ वर्षे ताळेबंद जुळवल्यानंतर, बारावीची शाखा आडवी यावी हे मला गमतीचे वाटले, रागही आला. तरीही इग्नूकडून मला एक मोलाची गोष्ट मिळाली. त्यांचे सर्व पाठ्यसाहित्य ‘ई-ज्ञानकोश’ या संग्रहात कोणालाही विनामूल्य वाचता येते, त्यासाठी प्रवेश घ्यावा लागत नाही. दूरस्थ विद्यार्थ्याला शेजारी शिक्षक नसतो हे गृहीत धरून ती पुस्तके लिहिलेली आहेत; प्रत्येक घटकात मध्येच प्रश्न येतो, शेवटी त्याचे संपूर्ण उत्तर असते, आणि एक पायरी गाळून पुढे जाण्याची घाई कुठे दिसत नाही. कॅल्क्युलसची पहिली ओळख मला याच पुस्तकांनी करून दिली, आणि ज्यांना गणितापासून दूर जाऊन दहा-पंधरा वर्षे झाली आहेत त्यांना मी सर्वांत आधी हीच सुचवते.

दुसरा पर्याय होता आय.आय.टी. मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीचा. २०२० साली सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाचे वैशिष्ट्य असे की बारावी कोणत्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असले की पुरे. प्रवेशासाठी चार आठवड्यांचा प्रत्यक्ष अभ्यास करून त्यावरच पात्रता परीक्षा घेतली जाते, ही पद्धत मला कोणत्याही चाळणी परीक्षेपेक्षा न्याय्य वाटते, कारण तुम्ही आजवर काय विसरलात याच्यापेक्षा चार आठवड्यांत काय शिकू शकता हे त्यात पाहिले जाते. पायाभरणीच्या टप्प्यात आठ विषय असतात, त्यांत गणिताचे दोन आणि संख्याशास्त्राचे दोन. सुरुवातीच्या काळात या आठांचे शुल्क मिळून ३२,००० रुपये होते आणि कौटुंबिक उत्पन्नानुसार ७५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळण्याची सोय होती. एप्रिल २०२२ पासून एका वेळी दोन पदव्यांचा अभ्यास करण्यास आयोगाची मुभा असल्यामुळे, कोणी दुसरीकडे शिकत असतानाही हा मार्ग धरू शकतो. माझ्यापुरते पाहता, मला हव्या असलेल्या चार विषयांसाठी इंग्रजीचे दोन विषय आणि प्रोग्रॅमिंगही करावे लागणार होते. ज्याला पदवी हवी आहे त्याच्यासाठी हा रास्त सौदा आहे; मला पदवी नको होती, विषय हवे होते.

शेवटी ज्या ठिकाणी माझे काम झाले ते ‘स्वयम्’, म्हणजे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ, आणि त्यातील ‘एनपीटेल’. सात आय.आय.टी. आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून चालवलेला एनपीटेल हा प्रकल्प मुळात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी व्याख्याने चित्रित करण्याचा होता. २०१४ पासून त्यात परीक्षा आणि प्रमाणपत्र आले, आणि २०१७ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ‘स्वयम्’ सुरू केल्यावर तो त्याच्या नऊ राष्ट्रीय समन्वयकांपैकी एक झाला. वर्षातून दोन सत्रे असतात, जानेवारीत आणि जुलैत सुरू होणारी. नावनोंदणी विनामूल्य असते, व्याख्याने आणि दर आठवड्याचे स्वाध्याय विनामूल्य असतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरायचे, आणि तेही अभ्यास सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर. मी भरले तेव्हा एका विषयाला १,००० रुपये होते. पैसे भरण्यापूर्वी शिक्षकाची पद्धत आपल्याला मानवते की नाही हे पाहता येते, ही सवलत त्या पावणेदोन लाखांच्या प्रस्तावात कुठेच नव्हती. लिनिअर अल्जेब्रासाठी मी दोन अभ्यासक्रमांत नाव घातले, पहिले दोन आठवडे दोन्हींची व्याख्याने ऐकली आणि ज्यात प्राध्यापक फळ्यावर हळूहळू लिहीत होते तो ठेवला. छापील स्लाइडवरून गणित शिकता येते यावर माझा विश्वास नाही. सिद्धतेची पुढची ओळ लिहिताना शिक्षकाचा हात जिथे थांबतो तिथेच आपलेही डोके चालू लागते.

गुणांची पद्धत नोकरदाराने नीट समजून घ्यावी अशी आहे. अंतिम गुणांपैकी २५ स्वाध्यायांचे आणि ७५ परीक्षेचे असतात. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० मिळावे लागतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारा स्वाध्याय असतात, पण त्यांतील सर्वोत्तम आठांचीच सरासरी धरली जाते. याचा अर्थ असा की चार आठवडे हातून गेले तरी गुण जात नाहीत, आणि ते चार आठवडे कोणते असतील हे लेखा विभागात काम करणारी व्यक्ती सत्र सुरू होण्यापूर्वीच कॅलेंडरवर खूण करून ठेवू शकते.

जानेवारीचे सत्र मी पहिल्याच विचारात वगळले. त्याची परीक्षा एप्रिलच्या अखेरीस येते, म्हणजे अभ्यासाचे सर्वांत जड आठवडे मार्चमध्ये पडतात, आणि मार्चमध्ये ज्याच्या हाताखाली खतावणी आहे तो माणूस रात्री नऊच्या आत घरी पोचत नाही. शिवाय सत्राच्या तोंडावरच उत्तरायण असते; चौदा आणि पंधरा जानेवारीला बडोद्यात गच्चीवरून खाली उतरून कोणी लॅपटॉप उघडील, असे ज्याला वाटते त्याने ते शहर पाहिलेले नाही. जुलैचे सत्र त्या मानाने सोयीचे. त्यातही १५ सप्टेंबरचा आगाऊ कर आणि ३० सप्टेंबरची कर लेखापरीक्षणाची मुदत मिळून दोन आठवडे जातात, आणि नवरात्र साधारण याच सुमारास येते. आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत गरबा रात्री बारापर्यंत चालतो. दारे-खिडक्या लावून बसले तरी ढोलाचा ठेका टेबलावर पोचतो, आणि खरे सांगायचे तर मला स्वतःलाही गरबा चुकवायचा नव्हता. सोडता येणाऱ्या चार आठवड्यांपैकी उरलेला चौथा मी गणपतीसाठी राखून ठेवला होता. स्वाध्याय देण्याची मुदत बुधवारी रात्री संपायची, म्हणून शनिवार-रविवारी व्याख्याने, सोमवारी उजळणी आणि मंगळवारी स्वाध्याय असा क्रम बसवला. बुधवार मोकळा ठेवला, कारण कारखान्यात काहीतरी उद्भवते ते बुधवारीच, असा माझा अनुभव आहे.

अभ्यासक्रमाच्या आधीची तयारी हा वेगळा टप्पा होता. दहावीचे गणित आणि कॅल्क्युलस यांच्यामध्ये त्रिकोणमिती, लॉगॅरिदम आणि फंक्शन या संकल्पनेचा एक मोठा पट्टा आहे, जो विज्ञान शाखेचे विद्यार्थी अकरावी-बारावीत पार करतात. तो मी खान ॲकॅडमी या विनामूल्य शिकवणाऱ्या संकेतस्थळावर पार केला. तेथे प्रत्येक लहान घटकाची लगेच चाचणी होते आणि काय येत नाही ते आपोआप उघडे पडते. कॅल्क्युलसच्या सरावासाठी अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ या उपक्रमाची तीन खंडांतील पाठ्यपुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि स्वतःच्या वापरासाठी छापून घेण्यास परवानाही आहे. पहिला खंड मी विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून दोन्ही बाजूंनी छापून, स्पायरल बाइंडिंग करून घेतला, कारण पडद्यावरचे उदाहरण वाचून समजल्यासारखे वाटते आणि कागदावरचे सोडवून पाहावे लागते. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावून बडोद्यात सार्वजनिक ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली, तिचा उद्देशही पुस्तकाच्या किमतीमुळे कोणाचे वाचन अडू नये असाच होता. अमेरिकेतील विद्यापीठाचे पुस्तक बडोद्यात फुकट मिळते याचे त्यामुळे मला फारसे नवल वाटले नाही.

इथपर्यंत खर्च जवळजवळ शून्य होता, आणि मला वाटते इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. व्याख्यान फुकट मिळते, पुस्तक फुकट मिळते, परीक्षा हजार रुपयांत होते. जे फुकट मिळत नाही ते म्हणजे आपण लिहिलेले कोणीतरी वाचणे. एनपीटेलच्या माझ्या विषयाचे साप्ताहिक स्वाध्याय बहुपर्यायी होते किंवा त्यांत उत्तराची संख्या भरायची होती. अशा प्रश्नांची उत्तरे विषय न समजताही देता येतात. एक नमुना देते. तीन संख्यांच्या त्रिकांचे चार संच दिले होते आणि त्यांतला कोणता सबस्पेस आहे, म्हणजे कोणत्या संचातल्या त्रिकांची बेरीज केली किंवा त्यांना कोणत्याही संख्येने गुणले तरी उत्तर त्याच संचात राहते, ते विचारले होते. सबस्पेसमध्ये शून्याचे त्रिक असावेच लागते, त्यामुळे ज्या संचात तिन्ही संख्यांची बेरीज १ असते तो लगेच बाद होतो. ज्या संचात तिन्ही संख्या धन किंवा शून्य असतात, त्यातल्या शून्येतर त्रिकाला उणे एकने गुणले की ते संचाबाहेर जाते, म्हणून तोही बाद. ज्या संचात तिन्ही संख्यांचा गुणाकार शून्य असतो, त्यात (१, १, ०) आणि (०, ०, १) ही दोन्ही त्रिके आहेत, पण त्यांची बेरीज (१, १, १) होते आणि तिचा गुणाकार १ येतो, तोही गेला. उरला तो, ज्यात तिन्ही संख्यांची बेरीज शून्य असते. बरोबर पर्यायावर खूण झाली, पूर्ण गुण मिळाले, आणि तो शेवटचा संच सबस्पेस का आहे याची एक ओळही कुठे लिहावी लागली नाही.

हे मला खटकत होते, म्हणून वडिलांच्या ओळखीने रावपुऱ्यात राहणाऱ्या एका निवृत्त गणिताच्या प्राध्यापकांकडे गेले. शिकवणी नको, फक्त वही तपासून द्या, अशी माझी विनंती होती. सरांनी महिन्याला १,५०० रुपये सांगितले आणि रविवारी सकाळी दहाची वेळ दिली. वरच्याच प्रश्नातील तो उरलेला संच त्यांनी मला सिद्ध करायला सांगितला. मी दोन त्रिके घेऊन बेरीज करून दाखवली. “उत्तर मला दिसतंय,” सर म्हणाले, “पण ही दोनच त्रिकं आहेत. बाकीच्यांचं काय?” मग त्यांनी जे समजावून दिले ते कोणत्याही व्याख्यानात मला इतके स्वच्छ दिसले नव्हते: संच सबस्पेस नाही हे दाखवायला एक उलट उदाहरण पुरते, पण तो आहे हे दाखवायला कोणतीही दोन त्रिके घ्यावी लागतात, आणि ‘कोणतीही’ म्हणजे ज्यांच्याविषयी बेरीज शून्य आहे यापलीकडे आपण काहीच गृहीत धरत नाही अशी. लेखापरीक्षक नमुन्यादाखल काही व्हाउचरे काढतो. त्यांत एक जरी खोटे निघाले तरी हिशेब स्वच्छ नाही एवढे ठरते, पण काढलेली सगळी खरी निघाली म्हणून उरलेली खरी असल्याचे सिद्ध होत नाही. इतकी वर्षे ऑडिटसमोर फायली मांडणाऱ्या मला हा भेद एकदम पटला. त्यानंतर वहीत डाव्या बाजूला विधान आणि उजव्या बाजूला त्याचे कारण, अशी दोन रकान्यांची पद्धत त्यांनी घालून दिली. ज्या ओळीचे कारण रिकामे असेल ती ओळ ते तांबड्या पेन्सिलीने घेरायचे, पण बरोबर उत्तर सांगायचे नाहीत.

चार महिन्यांचे त्यांचे ६,००० रुपये झाले, परीक्षेच्या शुल्काच्या सहापट. माझ्या मते संपूर्ण खर्चात तेच खरे शुल्क होते. शहरात निवृत्त प्राध्यापक पुष्कळ आहेत, आणि त्यांतले कितीतरी जण वही तपासण्याएवढे काम आनंदाने घेतील. ऑनलाइन शिकणाऱ्यांनी आपल्या गावात असा एक माणूस आधी शोधावा आणि मग अभ्यासक्रम निवडावा, असे मी आता विचारणाऱ्यांना सांगते. हे ऐकून एका सहकाऱ्याने विचारले की मग ऑनलाइन कशाला. उत्तर सोपे आहे: सर आता ७३ वर्षांचे आहेत आणि त्यांना फळ्यासमोर तासभर उभे राहणे जमत नाही, व्याख्यान आय.आय.टी.चे, तपासणी रावपुऱ्याची, अशी ही वाटणी दोघांनाही सोयीची होती.

परीक्षा शहराबाहेरील एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या संगणक कक्षात झाली. तीन तासांची, संगणकावर द्यायची, ओळखपत्र तपासून आत सोडणारी. माझ्या रांगेतले सगळे जण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे होते, आणि त्यांपैकी एकाने अत्यंत आदराने मला “मॅडम, सुपरव्हिजनवाले पलीकडच्या दारानं जातात” असे सांगितले. प्रश्न स्वाध्यायांपेक्षा कठीण होते, पण सरांच्या तांबड्या पेन्सिलीपेक्षा नव्हेत.

प्रमाणपत्र ई-स्वरूपात आले. त्यावर स्वाध्यायांचे आणि परीक्षेचे गुण वेगळे छापलेले असतात, आणि किती क्रेडिटची शिफारस आहे तेही असते. ही शेवटची ओळ बाहेरच्या विद्यापीठाला दाखवण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. देशांतर्गत उपयोगासाठी हे क्रेडिट ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या सरकारी खात्यात, जमा करता येते; २०२१ च्या नियमांनुसार तिथे ते जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहते. मात्र जमा असणे आणि एखाद्या विद्यापीठाने ते स्वीकारणे या दोन भिन्न बाबी आहेत. स्वयम्‌चे क्रेडिट पदवीच्या एकूण क्रेडिटच्या ४० टक्क्यांपर्यंत घेण्याची मुभा संस्थांना आहे, पण कोणता विषय घ्यायचा हे ठरवणे संस्थेच्याच हातात असते. तेव्हा ज्या संस्थेत पुढे जायचे आहे तिला नाव घालण्यापूर्वी विचारून लेखी उत्तर घ्यावे. मी परदेशी विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला अभ्यासक्रमाची आठवडेवार रूपरेषा, परीक्षा पर्यवेक्षकासमोर झाल्याची माहिती आणि गुणांची विभागणी असे तिन्ही एकाच पत्रात पाठवले. त्यांचे उत्तर आले की पर्यवेक्षित परीक्षा असलेला विषय विचारात घेतला जाईल, प्रत्येक विषय स्वतंत्रपणे तपासला जाईल, आणि नुसते व्याख्यान ऐकल्याचे प्रमाणपत्र चालणार नाही. त्या शेवटच्या वाक्याने कोर्सेरा या अमेरिकन ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळाचा प्रश्नही निकालात निघाला. तेथील काही अभ्यासक्रम फार सुंदर आहेत आणि प्रॉबॅबिलिटीची उजळणी मी तेथेच केली, पण माझ्या कामाचा कागद त्यातून मिळणार नव्हता.

लिनिअर अल्जेब्रा त्यांनी मान्य केले आहे. आता कॅल्क्युलस बाकी आहे आणि प्रॉबॅबिलिटीची परीक्षा बाकी आहे. कॅल्क्युलससाठी आय.आय.टी. खरगपूरच्या ‘इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-१’मध्ये अनेक चलांचा भाग आहे, आय.आय.टी. रुरकीचा ‘इसेन्शियल मॅथेमॅटिक्स फॉर मशीन लर्निंग’ही मी पाहिला, पण त्यात लिनिअर अल्जेब्रापासून प्रॉबॅबिलिटीपर्यंत पुष्कळ विषय एकत्र असल्याने प्रवेश कार्यालयाने तो कोणत्या रकान्यात धरावा हा प्रश्न उद्भवेल, म्हणून तो घेतला नाही. खरगपूरची रूपरेषा मी त्यांच्याकडे आधीच पाठवली आहे आणि जुलैच्या सत्रात नाव घातले आहे. परीक्षेचे शुल्क त्यांचे उत्तर आल्यावरच भरीन. सरांनी या वेळी महिन्याला १,८०० सांगितले आहेत, कारण अनेक चलांच्या कॅल्क्युलसमध्ये आकृत्या तपासाव्या लागतात आणि माझ्या आकृत्या, त्यांच्या मते, वेगळ्या दराच्या आहेत.